अकरा फोन आणि माझी सही

लातुरातल्या आमच्या गल्लीत दोन बाजूंनी शिरता येतं. एका बाजूला रेवणप्पांचा ओटा आहे, दुसऱ्या बाजूला नाली. गेले काही दिवस मी नालीच्या बाजूनं ये-जा करतो. आमची अंबिका म्हणते, "अहो, चप्पल भरून येतेय रोज. समोरून यायला काय होतं तुम्हाला?" आता बायकोला काय सांगायचं? चप्पल नळाखाली धरता येते. तोंड कुठं धरणार?

झालं ते असं. मी एकतीस वर्षं वजनकाटे तपासायची नोकरी केली. किराणा, भुसार, सोनार, रद्दीवाला, कुणाचं पारडं किती ग्रॅमनं झुकतं हे मी दुकानाच्या पायरीवरून सांगायचो. निवृत्त झालो, पण डोळ्यांना कुणी निवृत्तीचा कागद देत नाही. दूधवाल्याचं माप, गॅसची टाकी, भेळवाल्याची वाटी, सगळ्यावर माझी नजर. अंबिका कणीक मळायला बसली तरी मी परातीकडं बघत उभा. एकदा ती वैतागून म्हणाली, "लाटून झाल्यावर बोलावते. मारा शिक्का पोळीवर."

समोरच्या घरात आप्पासाहेबांची सून आरती. हुशार पोरगी. शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून ती फोनवरून साड्या विकायला लागली होती. रोज दुपारी तीनला फोन स्टँडवर लावायचा, साडी खांद्यावर टाकायची आणि "नमस्कार मैत्रिणींनो" म्हणून सुरू व्हायचं. उदगीरपासून देगलूरपर्यंतच्या तीन-चारशे बाया जेवणं उरकून तिला बघत बसायच्या. आप्पासाहेबांना हे पसंत नव्हतं, पण माणूस सभ्य. ते म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत करून बघ बाई. जमलं तर तुझं तू कर, मी एक शब्द बोलणार न्हाई. न जमलं तर शाळेत परत जा. मोठ्या बाईंनी तुझी जागा अजून भरलेली न्हाई." पोरीचं सगळं त्या दिवाळीवर टांगलेलं. आणि श्रावणात तिचा फोन स्टँडवरून पडून फुटला.

"काका, कोणता घेऊ?" तिनं मला विचारलं. मला! गल्लीत एवढी माणसं असताना. माझी छाती दोन बोटं वर आली, खोटं कशाला बोलू.

अर्थात बाकीचेही गप्प बसणारे नव्हतेच. रेवणप्पा म्हणजे तेलाच्या धंद्यातून उठलेला माणूस. ते म्हणाले, "फोन हातात जड लागला पाहिजे. हलका फोन म्हंजे आत काई न्हाई." आमच्या माडीवर राहणारा शिवकुमार विमा विकतो, त्यामुळं त्याचं कुठलंही बोलणं आधी भीती घालून मग मुद्द्यावर येतं. तो म्हणाला, "काका, फोनचा स्फोट झाल्याच्या बातम्या वाचून राहिलो मी. कॅमेरा बघा फक्त, बाकी सगळं थोतांड." कॅमेऱ्याचा आणि स्फोटाचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. अंबिका आतून ओरडली, "जिला वापरायचाय तिला काय पाहिजे ते विचारा की!" पण हे इतकं साधं होतं की कुणी लक्ष दिलं नाही.

मला मतं नको होती. मला माप पाहिजे होतं. आणि ते सापडलं. फोनची परीक्षा घेणारं एक ॲप असतं. ते फोनला गणितं घालतं, चित्रं पळवायला लावतं, पाच-दहा मिनिटं पिदडतं आणि शेवटी गुण देतं. गुण! लातुरात राहणारा माणूस गुणांपुढं काय बोलणार हो? आमच्याकडं स्थळ बघताना मुलाचे बारावीचे गुण विचारतात, मग मुलगा चाळिशीला का टेकलेला असेना. मी चांगले सात दिवस कागद काढून वेगवेगळ्या फोनांचे गुण उतरवले. कुणाला पाच लाख, कुणाला सहा. आणि त्याच किमतीत 'गरुडो टर्बो' नावाच्या फोनला नऊ लाख ऐंशी हजार! वर्गात पहिला आणि फी तेवढीच. मी कागद घडी करून खिशात घातला आणि ओट्यावर गेलो.

तिथून गाडी माझ्या हातातून सुटली. आरतीला एक फोन पाहिजे होता. नऊ लाख ऐंशी हजार ऐकल्यावर रेवणप्पांना पाहिजे झाला, शिवकुमारला पाहिजे झाला, त्याच्या मेव्हण्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला, करता करता अकरा झाले. नांदेडचा एक दुकानदार दहाच्या वर घेतले तर भाव तोडून देत होता. मी एसटीनं नांदेडला गेलो. सोबत लाल कापडी बांधणीची नोंदवही. दुकानात अकराच्या अकरा फोन काउंटरवर ओळीनं मांडायला लावले आणि एकेकाची परीक्षा घेतली. तीन तास लागले. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. प्रत्येक फोनचे गुण वहीत लिहून मी मागच्या बाजूला एक पांढरी चिकटपट्टी लावली. त्यावर शाईनं: 'तपासले. सं. बा. हालकुडे', खाली तारीख. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, एवढं तर कंपनी पण करत न्हाई." मला ते कौतुक वाटलं.

पहिला आठवडा मी गल्लीत नुसता मिरवत होतो.

दुसऱ्या आठवड्यात रेवणप्पांनी पुण्याच्या नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मध्येच गोठला. त्या पोराला पंधरा मिनिटं आजोबांचं फक्त कपाळ दिसत होतं, भस्माच्या तीन बोटांसकट. पोरगं घाबरून रडायला लागलं. शिवकुमारचा फोन इतका तापायचा की तो त्याला फ्रिजमध्ये ठेवायला लागला. एका दुपारी त्याच्या बायकोनं दह्याच्या भांड्याबरोबर फोनही पाटावर आणून ठेवला. गिरणीवाल्याचं म्हणणं असं की, त्याचा फोन उघडेपर्यंत दळण होतं. मी सगळ्यांना सांगितलं, टॉवरचा प्रश्न आहे. टॉवर बिचारा लांब असतो, तो खुलासा द्यायला येत नाही.

आणि आरती. ती इरकल साडीचा पदर दोन्ही हातांनी पसरून "आणि मैत्रिणींनो, आता हा काठ बघा" म्हणायची, आणि तिकडं बायांना दिसायचं काय, तर तोंड उघडं ठेवून उभी राहिलेली आरती. एक मिनिट, दोन मिनिटं. बाया किती वेळ बघणार? चारशेच्या दीडशे झाल्या, दीडशेच्या साठ. एका संध्याकाळी ती फोन घेऊन ओट्यावर आली. सगळे बसले होते. आप्पासाहेब होते, तिची सासू दारात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, फोन मध्येच थांबून राहिला. काई दोष असेल का?"

मी फोन घेतला. सगळ्यांच्या देखत परीक्षेचं ॲप लावलं. ओट्यावर अगदी निकालाच्या दिवसासारखी शांतता. नऊ लाख ब्याऐंशी हजार! दोन हजार वाढले होते. मी फोन उंच धरून चारी दिशांना दाखवला आणि म्हणालो, "बघा. फोनात दोष न्हाई. आरती, दोष तुझ्या हाताळण्यात हाय. तू घाई करतेस." आप्पासाहेबांनी मान हलवली. "साहेब तपासून म्हणतायत म्हंजे तसंच असणार."  पोरीनं फोन घेतला, पदर सारखा केला आणि ती घरात गेली.

त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं होतं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी. हे सांगताना आता लाज वाटते, पण खाल्ल्या.

पण बाकीच्यांची कुरकुर थांबेना. सगळेच हाताळण्यात चुकतात असं किती दिवस म्हणणार? शेवटी चार फोन आणि नोंदवही घेऊन मी पुन्हा नांदेडची एसटी धरली. कंपनीचं दुरुस्ती केंद्र मोठं चकाचक होतं. टोकन सत्तेचाळीस. दीड तासानं काउंटरवरच्या साक्षी नावाच्या मुलीनं माझी तक्रार संगणकात भरायला घेतली. तक्रारीच्या प्रकारात तीनच चौकोन होते.

"सर, पडला लिहू?"

"पडला नाही हो. हळू चालतो."

"हळूचा चौकोन न्हाई सर. भिजला लिहू?"

"अहो, कोरडा ठणठणीत आहे!"

"मग फुटला लिहावं लागेल. पण फुटला लिहिलं तर वॉरंटी जाते सर."

"मग काय करायचं?"

"पडला लिहिते. त्यातल्या त्यात बरं हाय." पोरगी मनानं चांगली होती.

आत आनंदराज नावाचा इंजिनिअर होता. त्यानं चारही फोनांना तेच परीक्षेचं ॲप लावलं. चारही पहिल्या वर्गात पास. मी अजून खुर्चीवरच होतो, तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' आणि खरं सांगू का, मला आतून गारच वाटलं. म्हणजे माझी वही बरोबर होती, गल्ली चुकली होती.

बाहेर टपरीवर चहा घेत होतो, तर आनंदराज मागून आला. अर्धापूरचा होता तो. म्हणाला, "काका, तुमी एवढ्या लांबून आलात, वही बिही घेऊन. म्हणून सांगतो. पण माझं नाव कुठं घेऊ नका." म्हणून आनंदराज हे त्याचं खरं नाव नाही असं समजा.

"हा फोन परीक्षेला वळखतो, काका."

"वळखतो म्हणजे?"

"परीक्षेचं ॲप उघडलं की त्याला नावावरनं कळतं, आता गुण मिळायचेत. मग सगळं बळ लावतो. तापू दे, बॅटरी संपू दे, काई बघत न्हाई. परीक्षा संपली की बसला निवांत. बाकीच्या कामाला अर्धंच बळ. कंपनीनंच तसं शिकवून ठेवलंय त्याला."

"काहीतरीच!"

"बघा मग." त्यानं माझ्यासमोर तीच परीक्षा लावली, पण ॲपचं आतलं-बाहेरचं नाव बदललेलं. वर नाव होतं 'भजनसंग्रह'. फोनला वाटलं, म्हातारा भजन ऐकतोय. तो आपला रमतगमत चालला. शेवटी गुण आले. चार लाख दहा हजार.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा चार लाख. दुसरा फोन काढला, तिसरा काढला. सगळे चाराच्या घरात.

"अरे, ही तर शुद्ध लबाडी झाली!" मी एवढ्या जोरात ओरडलो की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

आनंदराज हसला. "काका, तुमी नोकरीला कशात होता?"

मी सांगितलं.

"मग तुमाला काय सांगायचं! इन्स्पेक्टर आला की दुकानदार खरी वजनं वर काढतो, गेला की आत ठेवतो. तसंच हाय हे."

तो सहज बोलला आणि ड्युटीवर निघून गेला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आता जे सांगतो ते आजवर अंबिकेलाही सांगितलं नव्हतं. नोकरीत असताना मी तपासणीला कुठल्याही गावात गेलो की आधी स्टँडसमोर सरकारी गाडी लावायचो, लोकांना लांबून दिसेल अशी. मग हॉटेलात बसायचो. गरम भजी, चहा, दुसरा चहा. हॉटेलवाल्याशी गप्पा. आज कुठली कुठली दुकानं बघायचीत तेही बोलण्याच्या ओघात सांगून व्हायचं. तो आत जाऊन फोन फिरवायचा आणि मी बशीत फुंकर घालत बसायचो. अर्ध्या तासानं मी बाजारात शिरलो की सगळी पारडी सरळ. वजनं नवीकोरी, काहींना पिशवीतली धूळसुद्धा तशीच. अकरा वर्षांत एका तालुक्यात मला एक ग्रॅमची चूक सापडली नाही. तालुक्याचं नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. त्याबद्दल मला सत्कारात नारळ, शाल आणि 'निर्दोष तालुका' असं लिहिलेलं सन्मानचिन्ह मिळालं.

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी पैसा कधी खाल्ला नाही, शपथेवर सांगतो. पण चूक सापडली की पंचनामा, साक्षीदार, कोर्टाच्या तारखा आणि अख्ख्या बाजाराशी वाकडं. त्यापेक्षा भजी सोपी होती. खात्याला बोल लावू नका, ही खोड माझी एकट्याची. आणि मी पाठ फिरवल्यावर बायाबापड्या त्याच दुकानातून किलोच्या नावाखाली नऊशे ग्रॅम साखर घरी नेत राहिल्या. हा विचार मी अकरा वर्षांत कधी केला नव्हता. तो नांदेडच्या टपरीवर करावा लागला.

परतीच्या एसटीत साडेतीन तास मला आरती दिसत होती, पदर सारखा करून घरात जाणारी. मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं, आणि तेही एका खोट्या गुणपत्रिकेवर.

उतरलो तो थेट तिच्या घरी. ती साड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच म्हणालो, "आरती, दोष फोनातच होता. तुझ्यात न्हाई. माझं चुकलं."

तिनं घडी पुरी केली. "माहीत हाय काका."

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले. माझ्या एका गिऱ्हाईक बाईकडं हाच फोन हाय. तिच्या लेकानं सगळं शोधून सांगितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कसं बोलू? तुमी चारचौघांत बोलला होता. मामंजींनी पण मान हलवली. सुनेनं उठून म्हणायचं का, काकांना कळत न्हाई म्हणून?" ती थोडं हसली. "आन् तुमी त्याच्यावर सही केलीय. म्हटलं, जाऊ द्या. तुमची इज्जत राहू द्या."

"मग आता दुसरा फोन घे! मी येतो सोबत. न्हाई, मी येत न्हाई, तूच बघून घे."

"आता काय उपयोग काका? बाया गेल्या त्या गेल्या. मोठ्या बाईंना हो म्हणून बसले मी. सोमवारपासून शाळा. ह्या सहा साड्या राहिल्यात, त्या उद्या काढून टाकते."

 दिवाळी अजून महिनाभर लांब होती. मी म्हणालो, "उद्या मी तुझ्याशेजारी बसतो. सगळ्या बायांसमोर सांगतो." ती म्हणाली, "राहू द्या काका, कशाला." पण मी हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. अंबिकेला थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं माझी कॉलर सरळ केली.

तीन वाजता सुरू झालं. अडतीस बाया होत्या. ओट्यावरची मंडळीही आपापले फोन उघडून बसली होती, कारण मी तसं सांगून आलो होतो. मी घसा साफ केला. "नमस्कार. मी संगमेश्वर हालकुडे. एकतीस वर्षं मी मापं तपासली. हा गरुडो टर्बो फोन मी स्वतः तपासला आहे. त्यावर माझी सही आहे." मग बोलत सुटलो. सही चुकीची आहे म्हणालो. फोन फसवा आहे म्हणालो. या पोरीवर मी खोटा ठपका ठेवला, तिचा धंदा माझ्यामुळं बसला, मी तिची माफी मागतो. भजीचं सांगितलं, सन्मानचिन्हाचं सांगितलं. शेवटी हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. चार मिनिटं मी असा बोललो की आयुष्यात कधी तसा खरा बोललो नव्हतो.

आरती माझ्याकडं बघतच नव्हती. ती फोनकडं बघत होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "'माझी सही आहे' इथपर्यंतच गेलंय. मग फोन गोठला."

समोर माझा चेहरा होता. पांढरा शर्ट, अर्धवट हसू, एक बोट वर. जाहिरातीतसुद्धा इतका खात्रीचा माणूस मिळणार नाही. फोन बंद करून पुन्हा चालू व्हायला बारा मिनिटं गेली. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेव्हा बघायला दोघीच होत्या. त्यातली एक अंबिका, समोरच्या घरातून.

मग मी ओट्यावर गेलो आणि तिसऱ्यांदा सांगितलं, तोंडानं. शिवी कुणी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. रेवणप्पा म्हणाले, "म्हंजे मी म्हणत होतो ते बरोबर. हलकाच हाय तो." आप्पासाहेब म्हणाले, "असू द्या साहेब, माणूस हाय, चुकतो. पण आता मोठ्या बाईंना शब्द दिलाय. तो कसा मोडायचा?"

इकडं कुणीतरी तो गोठलेला तुकडा उचलून पुढं पाठवला. दुसऱ्या दिवशी उदगीरकडचे दोघे भाऊ पत्ता विचारत दारात. "साहेब, तुमी सही केलेला तो फोन पाहिजे होता." मी म्हणालो, घेऊ नका, फसवा आहे. ते एकमेकांकडं बघून हसले. मोठा म्हणाला, "हाव, कळलं. स्टॉक कमी असणार. आमची पण दोन नावं लिहून ठेवा ना साहेब." आजपर्यंत असे तेवीस जण आले. माझ्या खोट्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, खऱ्यावर एकाचाही बसत नाही.

सोमवारी दहाला आरती बाहेर आली. शाळेची ठरलेली आकाशी साडी, खांद्याला पिशवी. मी फाटकाशी उभा होतो, आत पळायला वेळ मिळाला नाही. तिनं गाडी काढली.

"येते काका."

"ये बाळा."

गाडी चालू करता करता ती थांबली. "काका, एक इचारायचं होतं. पुढच्या महिन्यात शाळेची तपासणी हाय. मोठ्या बाई म्हणून राहिल्या, हालकुडे साहेबांना घेऊन ये. आधी काय काय मांडून ठेवायचं, साहेब लोकांना कुठं बसवायचं, हे त्यांना बरोबर माहीत असंल. याल का तुमी?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा असेल म्हणून शोधत होतो. तो नव्हता. पोरगी मनापासून विचारत होती.